‘परवाना नाही’ की ‘परवान्याची नोंद नाही’?

विचारणा: डेबियन (लिनक्सवर चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टम) मधल्या एका पॅकेजविषयीची, म्हणजे त्यातल्या तयार सॉफ्टवेअर-संचाविषयीची तक्रार मराठीत लिहायची आहे. मूळ कोडातल्या काही फायलींची कॉपीराइट-लायसन्सची माहिती पॅकेजच्या ‘कॉपीराइट’ फायलीत आलेली नाही. ‘या फायलींना प्रताधिकार व परवाना नाही’ चालेल का?

— अजिबात नाही, अर्थ उलटा होतो. प्रताधिकार नोंदणीने मिळत नाही, कोड लिहिला की आपोआप येतो. भारताच्या 1957च्या कायद्यातही संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. ‘प्रताधिकार नाही’ म्हणजे कोणीही काहीही करावं. इथे हक्क आहे, फक्त कोणाचा ते टिपलेलं नाही. ‘प्रताधिकारधारकाची नोंद राहिली आहे’ असं लिहा.

— ‘परवाना’ही घसरवणारा शब्द. बंदुकीचा, दारूच्या दुकानाचा परवाना सरकारकडे अर्ज करून काढावा लागतो. त्यामुळे ‘परवाना नाही’ वाचून दोष वापरणाऱ्याचा वाटतो. इथे परवानगी लेखक देतो आणि अर्ज कोणी करत नाही. आरटीओची ‘अनुज्ञप्ती’ अर्थाने नेमकी आहे, पण बोलताना जीभ अडखळते. मी ‘लायसन्स’च ठेवतो.

— तक्रारीत फायलींची नावं हवीत. ‘लायसन्सचेक’ हा फायलींतलं लायसन्स शोधणारा प्रोग्रॅम सगळ्या कोडावर चालवा, कॉपीराइटच्या ओळीही मागा. ज्यांच्यापुढे ‘अननोन’ येईल त्या हाताने उघडा. बहुतेकदा चूक दुसऱ्या प्रकल्पातून उचललेल्या जावास्क्रिप्टमध्ये, फाँटमध्ये किंवा चित्रांत असते. पॅकेज करणारा मुळाशी असलेली एकच लायसन्स फाइल बघतो आणि ‘कॉपीराइट’ फायलीत ‘फाइल्स’पुढे फुली (*), म्हणजे ‘सगळ्या फायली’, टाकून मोकळा होतो. एमआयटी नावाच्या लायसन्समध्ये हे महागात पडतं, कारण कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत द्यावा हीच तिची अट आहे. तो मजकूर डेबियनच्या सामायिक लायसन्सांच्या फोल्डरमध्ये नसल्यामुळे ‘कॉपीराइट’ फायलीत पूर्ण उतरवावा लागतो. जीपीएल या दुसऱ्या लायसन्सचा मजकूर तिथे असतो, म्हणून पूर्ण मजकुराऐवजी त्या फोल्डरचा पत्ता पुरतो.

— जीपीएलची प्रत सापडली तरी ‘फक्त आवृत्ती 2’ की ‘2 किंवा त्यानंतरची’ हे तिच्यावरून कळत नाही, ते फायलीच्या शीर्षात बघा. आवृत्ती कुठेच दिलेली नसेल, तर प्रसिद्ध झालेली कोणतीही निवडता येते. हे जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या 9व्या कलमातच आहे.

विचारणा: आणि ‘सर्व हक्क राखीव’ असं शीर्षात असेल तर? पुस्तकावर असतं तसं?

— खालचा मजकूर वाचा. बीएसडी लायसन्सच्या कित्येक फायलींत ही ओळ असते आणि लगेच परवानगीही असते. खाली काहीच नसेल, तर मात्र पॅकेज थांबवा आणि मूळ लेखकाला लेखी विचारा.