प्रतिसाद: मागची काच आणि बॅटरीची भीती
नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची मागची काच बदलताना गाडी चालवणारी मोठी बॅटरी बंद करावी लागते का, असं वर विचारलंय. नाही हो! काच तापवून धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या रेषा साध्या १२ व्होल्टवर चालतात. माझी काच गल्लीतल्या क्रिकेटने गेली. पुढची लॅमिनेटेड काच नुसती तडकते, मागची टफन्ड. तिचा पार चुरा होतो. डिकीच्या फटींतून अजून खडे निघतायत, तेव्हा काच बसवण्याआधीच नीट व्हॅक्यूम मारून घ्या. गाडी ताब्यात घेताना डिफॉगर लावून काच कोमट होते का, हात लावून बघा. काच चिकटवायचा गम वाळेपर्यंत डिकी आपटू नका, प्रेशर वॉशही नको. विम्यात काचेला घसारा (जुनेपणाची कपात) लागत नाही, पण क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) सहसा जातो. मी हिशेब मांडला आणि मुकाट्याने खिशातूनच भरले.