मदत हवी आहे: बोर्दो, दादाचा वाढदिवस आणि बुक न होणारा तो एकच दिवस

कोकमसरबत: दादाची चाळिशी आहे. तो पुण्याहून माझ्याकडे येतोय आणि नवरा, वहिनी, पोरं सगळ्यांना वगळून आम्ही दोघंच तीन रात्री फ्रान्समधल्या बोर्दोला जातोय. विमान, हॉटेल झालं. वाढदिवसाच्या दिवशी मेदोक या तिथल्या वाइनच्या पट्ट्यातल्या एखाद्या शातोची (द्राक्षमळा आणि वाइनरीची) टूर हवी आहे. चार ठिकाणी बघितलं. आदल्या दिवशी जागा आहे, दुसऱ्या दिवशीही आहे, नेमका तोच दिवस बुकिंगच्या कॅलेंडरवर राखाडी! एकांना मेल टाकली तर फ्रेंचमध्ये एका ओळीचं उत्तर. कुणाची ओळख आहे का तिकडे? आज रात्री बुक करून मोकळं व्हायचंय.

फिरस्ता७७: तारीख?

गोदाकाठचा: एवढ्या लांब कशाला? नाशिकला या. 'नाशिक व्हॅली वाइन'ला २०१० पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. गंगापूर धरणाचं पाणी बघत बसा निवांत.

कोकमसरबत: तिकिटं काढली आहेत हो. नाशिक नको.

कागदपत्रे_तयार: शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा घ्यावा लागतो, पहिल्यांदा उतरता त्याचा नाही. माझ्या साडूंनी इथेच घोळ घातला होता.

कोकमसरबत: व्हिसा झालाय. मी शातोचं विचारलंय.

फिरस्ता७७: ताई, तारीख सांगा ना.

कोकमसरबत: १ मे. तारखेने काय फरक पडतो?

फिरस्ता७७: तारखेनेच पडतो! फ्रान्समध्ये कायद्याने जवळपास सगळ्यांना भरपगारी सुट्टी द्यावीच लागते असा वर्षातला एकच दिवस, तो १ मे. शातोवाले एरवीसुद्धा आधी ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत, त्या दिवशी कुठले घेणार? ओळख काढून उपयोग नाही.

कोकमसरबत: अरे देवा. इथे नेदरलँड्समध्ये त्या दिवशी ऑफिस चालू असतं, डोक्यातच आलं नाही.

खडूफळा: आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि शाळेचा निकाल! तुमच्या दादांचे हाल झाले असतील.

कोकमसरबत: झालेच. पहिलीत असताना झेंडावंदन आपल्यासाठीच आहे असं समजून तो पहिल्या रांगेत नव्या शर्टात उभा होता. तिसरीत गणितात नापास झाला, तर आईने केक झाकून ठेवला होता संध्याकाळपर्यंत. पण मी आता करू काय?

मर्लोप्रेमी: मेदोक सोडा, सेंट एमिल्यों हे वाइनचं जुनं गाव करा. बोर्दोच्या सें-जां स्टेशनवरून गाडीने पाऊण तासाच्या आत. उतरल्यावर गाव लगेच नाही, वीसेक मिनिटं वेलींमधून चालायचं. ती वाटच खरी टूर. १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बंद दाराबाहेरूनही छान दिसतं.

डावाकाठ: बोर्दोला जाऊन मेदोक सोडायचं? वाइनची १८५५ची प्रतवारी डाव्या काठाची, म्हणजे नदीच्या मेदोककडच्या बाजूची आहे, सेंट एमिल्यों तिच्यात नव्हतंच. गाडी भाड्याने घ्या, २ तारखेला डी-२ रस्त्याने मेदोकमधल्या पोइयाकपर्यंत जा.

मर्लोप्रेमी: आणि चव घेऊन गाडी कोण चालवणार? तिथे रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे.

डावाकाठ: थुंकायचं असतं. टेबलावर भांडं ठेवतात त्यासाठी.

खडूफळा: पिकदाणी म्हणा की सरळ! आजोबांच्या खोलीत होती पितळेची.

कोकमसरबत: दादा दोन घोटांतच लाल होतो, त्याला पिकदाणी चालेल. पण तो शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही.

फिरस्ता७७: हे आत्ता सांगताय! रेड वाइन नितळ करायला तिथे परंपरेने अंड्याचा पांढरा बलक वापरतात. नंतर तो गाळासोबत काढतात, पण सगळेच वापरत नाहीत, तेव्हा बुकिंग करतानाच विचारा. उरलेल्या पिवळ्या बलकातून कानेले नावाचा छोटा केक आला असं सांगतात. त्यात तर अंडं असतंच, वर रम. म्हणजे वाढदिवसाचा केक म्हणून तो बाद.

गोदाकाठचा: मेमध्ये तिथे द्राक्षं नसतात बरं का, नुसती पानं. तोडणी सप्टेंबरात. आमच्याकडे वेल थंडीत झोपत नाही म्हणून दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरात गोडी. तोडणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत आला असता तर…

खडूफळा: वाढदिवस फेब्रुवारीत हलवायचा का? आणि १ मेला महाराष्ट्रात ड्राय डे असतो, नाशिकलाही.

गोदाकाठचा: धरण तर चालू असतं ना.

फिरस्ता७७: ताई, १ तारखेला सकाळी रस्त्यावर म्युगेची पांढरी फुलं विकायला बसतात, घंटेसारखी असतात, दादांना एक जुडी द्या. संध्याकाळी बूर्सच्या चौकात पाण्याचा आरसा बघा. दोन सेंटिमीटर पाणी, चपला काढून चालायचं. शातो २ तारखेला. जेवायचं टेबल मात्र आजच फोन करून पक्कं करा, कोण उघडं आहे तेही कळेल.

कोकमसरबत: २ तारखेचं सेंट एमिल्यों बुक केलं, अंड्याचं विचारूनच. डावाकाठ, रागावू नका. आणि ती एका ओळीची फ्रेंच मेल आत्ता भाषांतराला टाकली. "१ मे रोजी आम्ही बंद असतो, आपल्या भावाला शुभेच्छा." आठ दिवस पडून होती.