मदत हवी आहे: दयाळ पक्ष्याच्या प्लेबॅक (रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवण्याच्या) प्रयोगाला कोणती सांख्यिकी चाचणी लावू?

बडोद्यात कमाटीबागेच्या आसपास दयाळाच्या 14 नरांना 3 प्रकारचे आवाज ऐकवले: दयाळाचं गाणं, दयाळाची धोक्याची हाक, बुलबुलाचं गाणं. प्रत्येकी 5 मिनिटं, मध्ये 2 दिवस सोडून, क्रम चिठ्ठ्या टाकून. त्या 5 मिनिटांत नर किती वेळा गायला ते मोजलं. बुलबुलाला बहुतेकांचं 0, दयाळाच्या गाण्याला काहींचं 30 च्या पुढे.

तेच नर तिन्ही वेळा, म्हणून क्रुस्कल-वॉलिस (स्वतंत्र गटांची तुलना करणारी चाचणी) बाद. फ्रीडमन (त्याच नरांच्या पुन्हा घेतलेल्या नोंदींची तुलना करणारी चाचणी) केली, पण तिच्यात ऐकवण्याचा क्रम धरता येत नाही. खरी अडचण वेगळीच: प्रत्येक प्रकाराची रेकॉर्डिंग 4च, म्हणजे एकच आवाज तीन-चार नरांना गेलाय, त्यामुळे त्या नोंदी एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये निगेटिव्ह बायनॉमियल मिश्र मॉडेल (खूप विखुरलेल्या मोजणीच्या आकड्यांसाठीचं) लावलं. नर आणि रेकॉर्डिंग दोन्ही रँडम ठेवले (म्हणजे नरानरातला आणि रेकॉर्डिंग-रेकॉर्डिंगमधला फरक मॉडेलमध्ये धरला) की रेकॉर्डिंगचं विचरण, म्हणजे त्या फरकाचा अंदाज, शून्याला चिकटतं.

विणीचा हंगाम संपला, नवीन नोंदी शक्य नाहीत. रेकॉर्डिंग मॉडेलमधून काढू, की शून्य दिसलं तरी ठेवूनच निकाल द्यावा?