कावळा, फांदी आणि बेचाळीस दिवस

रामबागवाला: ‘स्पष्टवक्ता’ यांनी काल लिहिले की, लसीनंतर झालेला आजार लसीच्या माथी मारणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडणे होय, पक्का पुरावा नसेल तर भरपाई मागू नये. हे वाचून राहवले नाही. भरपाईचा कायदा प्रयोगशाळेतली खात्री मागत नाही. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्यानुसार कोणत्या लसीनंतर किती दिवसांत कोणता आजार, याचा एक तक्ता आहे. फ्लूच्या लसीनंतर तिसऱ्या ते बेचाळिसाव्या दिवसात गुलियन-बारेची, म्हणजे मुंग्या येऊन हातपाय दुबळे करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, लक्षणे सुरू झाली, तर लस हेच कारण गृहीत धरतात आणि दुसरे कारण दाखवण्याचे ओझे सरकारवर येते. तक्त्याबाहेरच्यांना 2005 च्या ॲल्थन निकालातल्या तीन कसोट्या लागतात: पटण्याजोगी वैद्यकीय उपपत्ती, कार्यकारणाची तर्कसंगत साखळी आणि साजेसा कालावधी. पारडे अर्ध्याहून किंचित झुकले तरी पुरते.

स्पष्टवक्ता: तीनपैकी तिसरीच कसोटी लोकांना पाठ असते. डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला इजा झाल्याचे मानलेल्या 14 रुग्णांची तपासणी 2006 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा 11 जणांच्या एससीएन1ए या जनुकातच दोष निघाला. फांदी आधीच कुजलेली होती, मग कावळ्याला शिक्षा कशासाठी?

लोकमान्यनगरची सून: आधीचा आजार लसीने लक्षणीय बळावला, तरी त्या कायद्यात दावा करता येतो, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. पण दिवसांवरच सारे अडत असेल, तर ते दिवस लिहितो कोण? सासूबाईंनी फ्लूची लस घेतली, त्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या हातातून कपबशी सुटली आणि बाराव्या दिवशी त्यांना दाखल केले. मुंग्या कधीपासून, असे विचारल्यावर दीर म्हणाले, “झाले असतील पंधरा दिवस.” केसपेपरवर ‘2 आठवडे’ उमटले. म्हणजे कागदानुसार आजार लसीच्या दोन दिवस आधीच सुरू झाला!

निवृत्त कम्पाउंडर: दोष दिरांचा आणि बोल डॉक्टरांना! रात्री दोन वाजता भरलेल्या वॉर्डात नातेवाईक सांगतील तेच लिहिले जाते. चाळीस वर्षे पाहिले आहे. लोक मुलांच्या जन्मपत्रिका जपतात आणि लसीचे कार्ड रद्दीत घालतात.

लोकमान्यनगरची सून: काका, कार्ड जपले आहे. त्यावर लॉट क्रमांकाच्या, म्हणजे लस कोणत्या खेपेतली हे सांगणाऱ्या आकड्याच्या, जागी फक्त शिक्का आहे, तोही अर्धा. तो शिक्का मी मारला नव्हता.

निवृत्त कम्पाउंडर: मग तेव्हाच विचारायचे होते. आमच्या वेळी रजिस्टरमध्ये कुपीगणिक नोंद होत असे.

रामबागवाला: कम्पाउंडरकाका, रजिस्टरची आरती पुरे! आपल्याकडे 2022 च्या नोव्हेंबरात केंद्राने कोव्हिड लसीबाबत सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, लसीकरण ऐच्छिक होते आणि भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. तिथे तक्ता नाही, गृहीतक नाही. सारे सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर, आणि हाती काय, तर ‘2 आठवडे’ लिहिलेला केसपेपर.

स्पष्टवक्ता: ताई, नववाच दिवस होता हे कशावरून? भरपाई मागणाऱ्याला दिवस नेमके सोयीचे आठवतात.

लोकमान्यनगरची सून: सासूबाईंवर खोटेपणाचा आरोप करण्यापूर्वी इंदूरचे पंचांग तरी पाहा. त्या दिवशी रंगपंचमी होती. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून आम्ही घरी आलो, त्यांनी हात धुतले, आणि पहिल्याच घोटाला कपबशी निसटली. फरशीवर गुलाबी पाणी आणि चहा एक झाला होता. फुटलेल्या बशीचा फोटो नणंदेने गंमत म्हणून काढला; त्यावर तारीख आहे.

स्पष्टवक्ता: आरोपाचे शब्द मागे घेतो. तारीख मान्य. कारण अजून मान्य नाही.

लोकमान्यनगरची सून: इतके तरी केसपेपरने मान्य केले असते!