मदत हवी आहे: मुलगी कयाक चालवते, खांदा आतून 'सरकतो' म्हणतेय

खाडीकाठची:
मुलगी १४ वर्षांची, दोन वर्षं झाली मार्वेच्या खाडीत कयाकिंग करतेय, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद बोट चालवते. आधी आठवड्यातून तीन दिवस जायची, दिवाळीच्या सुट्टीपासून एकदम सहा दिवस झाले कारण पुढे स्पर्धा आहे आणि सर म्हणतात पाण्यावर जेवढं बसाल तेवढं चांगलं. आता तीन आठवडे सांगतेय की आई दुखत नाही गं पण उजव्या खांद्यात मधेच काहीतरी सरकतं. मी मनावर घेतलं नाही, सहामाहीचे पेपर मिळाले की आमच्याकडे बरंच काय काय दुखतं. पण परवा मालाडहून दादरला येताना लोकलची वरची कडी धरून उभी होती, गाडीला हिसका बसला आणि हिने झटकन हात खाली घेतला, चेहरा पांढराफटक. तेव्हापासून टेन्शन आहे.

सासूबाई रोज तिळाचं तेल चोळतायत. सर म्हणतात ताकद कमी पडतेय, जिममधे बेंच प्रेस (आडवं झोपून छातीवरून वजन वर ढकलणं) आणि डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) सुरू करा. मला दोन्ही पटत नाहीये. पाण्यावर जाणं थांबवू का? आणि दाखवायचं कोणाला, हाडांच्या डॉक्टरांना की फिजिओला?

फिजिओ_बोरिवली:
ताई, आधी ऑर्थोपेडिककडे जा, तोवर पाणी बंद. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा रात्री झोपमोड असेल तर आजच जा. खांद्याची खोबण फार उथळ असते, बशीत चेंडू ठेवल्यासारखी, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. तो चेंडू जागेवर धरतात रोटेटर कफचे चार छोटे स्नायू, आणि बशी स्थिर ठेवतात पाठीवरच्या पात्याचे स्नायू. वल्हं मारून मारून छाती आणि लॅट्स, म्हणजे पाठीच्या बाजूचे मोठे स्नायू, दणकट होतात, हे दोन्ही हाताला आत फिरवणारे, बाहेर फिरवणारे मागे पडतात. त्यात बेंच प्रेस म्हणजे जे आधीच जास्त आहे तेच वाढवणं. खोल डिप्स तर आत्ता नकोच, खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो. डॉक्टर हो म्हणाले की कोपर अंगाला चिकटवून रबर ट्यूब बाहेर ओढणं, रोइंग (बोटीतलं नाही, ट्यूब समोरून पोटाकडे ओढायचा व्यायाम), आणि भिंतीवर पुशअप करून शेवटी पाठ अजून थोडी मागे ढकलणं, इथून सुरुवात. दुखलं किंवा सरकलं तर थांबायचं.

आणि कडी धरलेला हात म्हणजे वर आणि बाहेर वळलेला, खांदा पुढे निखळायची हीच पोझिशन. या वयात एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळायची शक्यता मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते. एक घरी बघा, तिचा अंगठा वाकवून मनगटाजवळ हाताला टेकतो का? कोपरं उलटी वाकतात का? तसं असेल तर सांधे मुळातच सैल आहेत, डॉक्टरांना सांगा.

जुना_वल्हेकरी:
वर सांगितलंय ते बरोबरच पण बोटीतलं पण बघा. बोट कलली की पोरं वल्हं डोक्यावर नेऊन तोल सावरतात, खांदा तिथेच जातो. कोपर खांद्याच्या खाली, दोन्ही हात कायम छातीसमोर, आणि ओढायचं कंबरेतून वळून, नुसत्या हाताने नाही. वल्हं कोणाचं वापरते? लांब किंवा मोठ्या पात्याचं असेल तर प्रत्येक स्ट्रोकला खांदाच भरतो. आणि तीनचे थेट सहा दिवस कोणी करतं का राव?

खाडीकाठची:
सगळ्यांचे आभार. काल दाखवलं, निखळलेला नाही पण सैल आहे म्हणाले, सहा आठवडे फिजिओ, पाणी बंद. अंगठा टेकतो! माझाही टेकतो, शाळेत मी कौतुकाने करून दाखवायचे. वल्हं क्लबमधल्या एका मोठ्या मुलाचं निघालं, सरांना विचारलं तर म्हणाले हिच्या मापाचं शिल्लकच नव्हतं. सासूबाईंचं तेल चालूच आहे, त्यावर घरात चर्चा नको.

आता एकच. ओहोटीला चिखलातून बोट एका हाताने मागे खेचत किनाऱ्यावर आणतात, हे इतके दिवस माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्याकडे मुलं बोट कशी आणतात, दोघं मिळून की काही पट्टा वगैरे असतो?