मदत हवी आहे : धिंगरीच्या बेडवर हिरवे डाग, लगेच काय करू?

मंगरूळचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) पहिल्यांदाच लावली आहे, घरातल्याच एका खोलीत. खर्च कमीत कमी ठेवायचा असं ठरवून वीस बेड, म्हणजे कुटाराच्या छिद्रं पाडलेल्या पिशव्या, भरले. धिंगरीचं पांढरं जाळं अर्ध्यापर्यंत छान चढलं आणि आता सहा-सात बेडवर हिरवे डाग आलेत. दोन बेडना आंबूस वासही येतोय. व्हिडिओत सांगितलं तसंच सगळं केलंय, म्हणून पहिल्यापासूनची शिकवणी नको. घरात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पडलेलं आहे, ते फवारू का? पंपाला किती ग्रॅम? आजच सांगा, डाग पसरत चाललेत.

अकोला_अळिंबी
काहीही फवारू नका. हे आठ-पंधरा दिवसांत ताटात जाणारं पीक आहे. हिरवा रंग म्हणजे बहुतेक ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी, आणि ती कुठून आली हे कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही. कुटार (मळणीनंतरचा भुसा) कशाचं? पावसात भिजलेलं होतं का? निर्जंतुक कसं केलं? खोलीचं छत कसलं? स्पॉन (अळिंबीचं बियाणं) किती जुनं? व्हिडिओ छप्पन्न प्रकारचे आहेत, तुम्ही कोणता पाहिला ते आम्हाला कसं कळणार?

मंगरूळचा_शेतकरी
घरचंच सोयाबीनचं कुटार. गरम पाण्यातून काढलं. छत टिनाचं. आता फवारणीचं सांगा.

तनीसवाला_साकोली
सोयाबीनचं कुटार घेतलं तिथंच घोडं अडलं. आमच्याकडे भंडारा-गोंदियात धानाची तनीस, म्हणजे भाताचा पेंढा, सगळ्यांच्या दारात असते. तिचे दोन-तीन बोटं लांब तुकडे करायचे, रात्रभर भिजवायची, उकळत्या पाण्यातून काढायची, झालं. सोयाबीन डाळवर्गातलं पीक, त्याच्या कुटारात नत्र जास्त. धिंगरीच्या आधी बाकीच्या बुरश्यांचीच पंगत बसते. पुढच्या वेळी तनीस मागवून घ्या.

बचतगट_दारव्हा
दादा, मंगरूळपीरला तनीस आणायची तर गाडीभाडंच मालापेक्षा जड होईल. माणूस कमी खर्चात करायचं म्हणतोय. आमच्या गटातल्या बाया सोयाबीनच्याच कुटारावर दरवर्षी धिंगरी काढतात आणि उतारा चांगला पडतो. नत्र जास्त आहे म्हणून तर पडतो. पण कुटार चाळून घ्यावं लागतं. मळणीयंत्रातून आलेल्या कुटारात बारीक भुकटी असते, ती बेडमध्ये खाली बसते, चिखल होतो, हवा खेळत नाही आणि आंबूस वास येतो. भाऊ, तुमचे वास येणारे बेड खालून दाबून पाहा, पाणी साचलंय का? आणि चाळलं होतं का कुटार?

मंगरूळचा_शेतकरी
चाळायचं कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, त्या दोन बेडमध्ये खाली पिवळं पाणी आहे.

बचतगट_दारव्हा
मग त्या दोघांची आशा सोडा. बेड भरताना कुटार मुठीत घट्ट दाबायचं. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पुन्हा सावलीत पसरायचं, आणि हात नुसता ओलसर होऊन थेंबच आला नाही तर कोरडं. आमच्या गटात नवीन बाई आली की तिला आधी हेच शिकवतो, पिशवी नंतर हातात देतो.

अकोला_अळिंबी
"गरम पाण्यातून काढलं" म्हणजे नेमकं काय केलं? पाणी ८० अंशांच्या आसपास ठेवून त्यात कुटार तासभर बुडालेलं राहिलं पाहिजे. बरेच जण ड्रममध्ये कुटार भरतात, वरून उकळतं पाणी ओततात आणि झाकण लावतात. गार कुटारात पाणी पडलं की तापमान लगेच खाली येतं. नाजूक बुरश्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात.

मंगरूळचा_शेतकरी
वरून ओतलं. सरपण जपून वापरायचं होतं. पण मग बाकीचे बेड पांढरेशुभ्र कसे आले? चूक असती तर सगळेच गेले असते ना?

नागपूर_घरबाग
सरपणाची भानगडच नको. चुन्याची निवळी करा. कळीचा चुना विरवून पाणी चांगलं अल्कधर्मी करायचं, त्यात कुटार अठरा-वीस तास बुडवून ठेवायचं, मग निथळायचं. धिंगरीला असं पाणी चालतं, ट्रायकोडर्माला आम्लधर्मी जागा आवडते. मी गॅलरीत असंच करतो, गॅसचा एक रुपया लागत नाही.

अकोला_अळिंबी
गॅलरीतले चार बेड आणि टिनाच्या खोलीतले वीस यात फरक आहे. प्रत्येक चुना सारखा लागत नाही. जुना, हवा लागलेला चुना घेतला तर पाणी नुसतं पांढरं दिसतं, गुण शून्य. नवख्या माणसाला गरम पाणीच बरं. तापमापी नसेल तर तासभर खाली जाळ चालू ठेवा आणि पाणी उकळीच्या अलीकडेच धरा. पऱ्हाटी आणि तुराटी (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) तुमच्याकडे बांधावर पडलेलीच असते.

नागपूर_घरबाग
चुना पारखून घेता येतो. पाणी किती अल्कधर्मी आहे ते दाखवणारी पीएचची पट्टी मिळते. उगाच लोकांना घाबरवू नका.

शेतकी_विद्यार्थी
आम्हाला प्रात्यक्षिकात रासायनिक पद्धत शिकवली होती. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मॅलिन, त्यात काड १६ ते १८ तास भिजवायचं. म्हणजे कार्बेन्डाझिम वापरतातच, फक्त बेड भरण्याआधी काडाला, नंतर फवारायला नाही.

बचतगट_दारव्हा
पुस्तकात आहे, खरं आहे. पण फॉर्मॅलिनने डोळ्यांतून धारा लागतात, घशात आग होते. घरात लहान लेकरं असतील तर मी ते दारातसुद्धा येऊ देणार नाही. आमच्या गटाने ते केव्हाच बंद केलं.

वऱ्हाडी_कास्तकार
मंगरूळवाले भाऊ, एक इचारतो. हरबरा पेरला का? अन् बियाण्याले ट्रायकोडर्मा कोठी लावला?

मंगरूळचा_शेतकरी
हो, पेरला. बीजप्रक्रिया त्याच खोलीत केली, बाहेर वारा होता म्हणून. पण त्याचा इथे काय संबंध? ती तर मित्रबुरशी आहे.

वऱ्हाडी_कास्तकार
हरबऱ्याची मित्र हाय भाऊ, धिंगरीची नाई. हरबऱ्यावर मर आणणाऱ्या बुरशीले ती खाते म्हणून आपुन किलोले चार-पाच ग्राम लावतो. तिले काय मालूम कोणती बुरशी आपली अन् कोणती परायी? धिंगरीबी बुरशीच. तुमी घमेल्यात बियाणं घोयलं, भुकटी उडाली, टिनाले लागली, बेडाईवर बसली. आमच्या गावात एकाचं असंच झालतं, आमाले लय दिवस समजलंच नाई का हे हिरवं येते कोठून. आता सांगा, हिरवे बेड दाराजवळचे हायेत का जिथं बियाणं घोयलं तिथले?

मंगरूळचा_शेतकरी
बियाणं घोळलं त्या बाजूच्या दोरीवरचेच आहेत पाच. बाकी दोन कोपऱ्यातले.

अकोला_अळिंबी
हा मुद्दा मोलाचा आहे. तरी माझं म्हणणं सोडत नाही: कुटार नीट तापलं असतं आणि बेडची तोंडं घट्ट बांधली असती तर वरून पडलेली भुकटी एवढी आत शिरली नसती. डाग नेमके कुठे आहेत? छिद्रांभोवती असतील तर बाहेरून आले, मधल्या थरात असतील तर कुटारातूनच आले.

मंगरूळचा_शेतकरी
पाच बेडवर छिद्रांभोवती. कोपऱ्यातल्या दोन बेडवर मधे.

केशर_इच्छुक
बंद खोलीत केशर होतं असं ऐकलं आहे. मशरूमपेक्षा त्यात पैसा जास्त. दहा बाय दहाच्या खोलीत किती निघेल? कुणी केलं आहे का विदर्भात?

नागपूर_घरबाग
केशराचे कंद काश्मीरकडून आणायचे, फुलोऱ्यासाठी खोली महिनोन्महिने थंड ठेवायची, वर वीजबिल. कमी खर्चाच्या धाग्यावर हे कशाला? वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

तनीसवाला_साकोली
पैशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. धिंगरी काढणं सोपं, विकणं कठीण. ताजी धिंगरी बाहेर एक-दोन दिवस टिकते. आमच्याकडे एक कंपनी आली होती. बेड आमचे घ्या, वाळलेला माल आम्हीच उचलू म्हणाली, अनामत घेतली आणि माल तयार झाल्यावर फोन उचलणं बंद. मंगरूळवाल्यांनी असा करार केला असेल तर आताच कागद तपासावा. दहा किलो ताजी वाळवली की जेमतेम किलोभर राहते, तोट्याचा हिशोब तिथेच कळतो.

मंगरूळचा_शेतकरी
करार नाही. स्पॉन सुटं आणलं. मला विक्रीचं नको, सध्या बेड वाचवायचे आहेत. छिद्रांभोवतीचे पाच फेकायचे की राहतील?

बचतगट_दारव्हा
डाग रुपयाएवढा असेल आणि बाकी बेड पांढरा असेल तर तो बेड दुसऱ्या खोलीत वेगळा टांगा. डागाला बोट लावू नका, झटकू नका, हिरवी भुकटी म्हणजे तिचं बियाणंच. डाग वाढला तर पिशवीसकट ओल्या बारदान्यात गुंडाळून बाहेर न्या आणि उकिरड्यात खोल पुरा. पिशवी खोलीत फोडायची नाही. आधी चांगल्या बेडचं काम करायचं, मग खराब बेडला हात, उलट कधीच नाही. खोली चुन्याच्या पाण्याने पुसून घ्या. आणि पाणी मारताय का सध्या?

मंगरूळचा_शेतकरी
रोज दोनदा, बेडवरच. ओलावा पाहिजे म्हणतात ना.

अकोला_अळिंबी
तो ओलावा पिशवी काढल्यावर, पिनहेड (अळिंबीचे बारीक कोंब) यायच्या वेळी लागतो, तेव्हा हवेत ८०-८५ टक्के. जाळं पसरत असताना बेडवर पाणी मारलं तर ते छिद्रांतून आत जातं. आजपासून बंद करा. पाणी जमिनीवर आणि भिंतींना टांगलेल्या बारदान्यावर मारा, त्याने खोलीही थंड होईल. टिनाखाली दुपारी किती तापतं ते पाहा. २८ अंशांच्या वर गेलं की धिंगरी मंदावते आणि ट्रायकोडर्माला जोर चढतो. बेडच्या आत खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्तच असतात.

वऱ्हाडी_कास्तकार
टिनावर पऱ्हाट्या अन् कुटार पसरून द्या, वरून पाणी शिपडा. कुलरपेक्षा सस्तं काम. थंडी आता येतेच हाय, दिवाळी झाल्यावर आपल्याइकडं धिंगरीले लय चांगला मोसम असते. मे महिन्यात मात्र नोका लावू, आपल्याइकडचं ४५ डिग्री कोणत्याच बेडाले झेपत नाई.

तनीसवाला_साकोली
उन्हाळ्यात गुलाबी धिंगरी लावतात, तिला उष्णता जास्त सोसते.

वऱ्हाडी_कास्तकार
सोसते, पण ४५ नाई सोसत जी. अन् गुलाबीले बाजारात कोणी पुसत नाई, आमच्याइकडचे लोक रंग पाहूनच मांगं सरतात.

तनीसवाला_साकोली
आमच्याकडे लोक रानातल्या सात्या हौसेने खातात, अळिंबीचं वावडं नाही. तुमच्या भागात चव लावावी लागेल.

शेतकी_विद्यार्थी
अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. तिथे अळिंबीविषयी विचारा, किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात. पुढचं स्पॉन ताजं घ्या. दाण्यांवर पांढरं जाळं पूर्ण चढलेलं हवं, कुठेही हिरवा-काळा ठिपका किंवा पाकिटात पिवळं पाणी नको.

मंगरूळचा_शेतकरी
सगळ्यांचे आभार. फवारणी रद्द. वासवाले दोन आणि मधे हिरवे झालेले कोपऱ्यातले दोन पुरले. छिद्रांभोवती डाग असलेले पाच न्हाणीशेजारच्या खोलीत टांगले. टिनावर पऱ्हाटी टाकली, दुपारी पंखा लावल्यासारखं वाटतंय. आज एका चांगल्या बेडची पिशवी कापली, बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे पुंजके दिसत आहेत. आता खोलीचं दार बंद ठेवू की उघडं?

बचतगट_दारव्हा
अभिनंदन भाऊ! सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ दार-खिडकी उघडा, खिडकीला बारीक जाळी लावा, नाहीतर माश्या शिरतात. हवा कोंडली की देठ लांब आणि टोपी एवढीशी राहते. टोपीची कड वर वळायच्या आधी पूर्ण घड पिळून काढा. उशीर झाला तर भुकटी सांडते, त्याने खोकला होतो. तोडताना नाकाला फडकं बांधा.

मंगरूळचा_शेतकरी
तोडणी संपल्यावर उरलेलं कुटार गाईला चालतं का?

अकोला_अळिंबी
पांढरं, चांगल्या वासाचं असेल तर थोडं थोडं घालतात, गाय खाते. हिरवं-काळं झालेलं अजिबात नको, ते शेणखताच्या खड्ड्यात किंवा गांडूळखतात. भरताना औषध वापरलं होतं का, तेवढं सांगा. गरम पाण्याच्या आधी काही मारलं होतं का कुटाराला?