मदत हवी आहे: होसूरहून परतीचं भाडं

स्वतःचा ३२ फुटी सिंगल एक्सल कंटेनर चाकणच्या एका ट्रान्सपोर्टला अटॅच आहे. नॅशनल परमिट आहे. चाकण ते होसूर (तामिळनाडू, बेंगळुरूच्या पुढे) ऑटो पार्टचं भाडं बरं मिळतं, अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास. परतीला मात्र पार्किंगमध्ये उभं राहून दलाल म्हणेल त्या दराला भरावं लागतं. डिझेल-टोल वजा जाता ड्रायव्हरचा भत्ताही सुटत नाही. लोडची ॲप पाहिली, तिथंही मागे दलालच, आणि पीओडी (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) पोचली तरी भाड्याचा बॅलन्स अडकतो. करारानुसार परतीचा माल बाहेरचा घेता येतो. वजन ७ टनांपर्यंतच, त्यामुळे लोखंड-टाइल्स सुचवू नका.

होसूरहून गाडी रिकामी बेंगळुरूकडच्या पीण्या-दाबसपेठला आणून गोदामाचा माल भरणं परवडतं का? की ही लाइन सोडून चाकण-साणंद (गुजरात) धरावी? तिकडे चालवणाऱ्यांनी सांगावं, दोन्ही बाजूंचं मिळून किलोमीटरला किती पडतं?